सत्तेचाळीस नंबरची पोच

चिंचदरीचा कोतवाल ग्यानोबा आयुष्यात एकदाच खोटं वागला, आणि तेही इतकं कच्चं, की खोटेपणाची शाळा असती तर मास्तरांनी त्याला पहिलीतच बसवून ठेवलं असतं. पण ज्या माणसाशी चुकूनही खोटं वागू नये, नेमका त्याच माणसाशी तो वागला. म्हणून ही हकिगत सांगायची.

कोतवाल म्हटल्यावर कुणी कमरेची तलवार वगैरे डोळ्यांपुढं आणू नये. गावचा कोतवाल म्हणजे तलाठ्याचं दप्तर उचलणारा, गावात दवंडी देणारा आणि दर सोमवारी सरकारी टपाल तालुक्याच्या कचेरीत पोचवणारा माणूस. मानधन एवढंसं आणि हाका दिवसभर. ग्यानोबाच्या छातीवर खाकी पट्ट्याला पितळी बिल्ला असे. त्यावर आकडा कोरला होता, ४७. तो बिल्ला ग्यानोबा दर रविवारी चिंचेनं घासून लखलखीत करी. गावात आमदार येवो नाहीतर कुणाचा बैल मरो, बिल्ल्याशिवायचा ग्यानोबा कुणी पाहिला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र तो कोतवाल नव्हता. बायको कोंडाबाईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता आणि सहा वर्षांची विशाखा बाभळीच्या सावलीत बसून सरकारी सुकडी चघळत होती. गावाच्या उगवतीला बौद्धांची तीसेक घरं, तीच वस्ती. वस्तीची विहीर आटली. टँकर मागायला वस्तीतली माणसं पाच वेळा तालुक्याला जाऊन आली आणि पाचही वेळा साहेब "बघतो" म्हणाले. बघायला काय जातं! तेव्हा गावच्या शाळेत नांदेडचे शरदचंद्र गुरुजी होते. ते ग्यानोबाला म्हणाले, "अहो, तोंडी मागणं म्हणजे पाण्यावर रेघ. लिहून द्या आणि पोच घ्या." पोच म्हणजे काय हे ग्यानोबाला कळेना. गुरुजींनी समजावलं, की अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एक कचेरीत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, नंबर मारून घ्यायचा. मग कागद मिळालाच नाही असं म्हणायची सोय साहेबाला राहत नाही. चौथी शिकलेल्या ग्यानोबानं अर्ज लिहिला, पोच आणली आणि आठव्या दिवशी टँकर आला.

आता तो टँकर अर्जामुळं आला की तसाही येणारच होता, कोण जाणे. ग्यानोबाच्या डोक्यात मात्र हिशेब पक्का बसला. पुढं तो कोतवाल झाला आणि घरात त्यानं कायदाच करून टाकला. विशाखाला काही हवं असलं तर रडायचं नाही, रुसायचं नाही, पाटीवर अर्ज लिहायचा. खाली ग्यानोबा तारीख टाकून सही करी, "पोच दिली." आठ दिवसांच्या आत उत्तर. उत्तर नकाराचं असलं तरी कारणासह. "रिबीन मिळणार नाही. कारण, ज्वारी आणायची आहे. जयंतीनंतर पुन्हा अर्ज करावा." आणि जयंतीनंतर पोरीनं खरंच पुन्हा अर्ज केला, तेव्हा रिबीन आली. तांबडी.

कोंडाबाई कपाळावर हात मारी. "लेकराला कुणी कागद मागतंय का? लेकरानं रडावं, बापानं द्यावं."

"रडून मागितलेली भीक असती," ग्यानोबा म्हणे. "लिवून मागितला तर हक्क."

हा रोग मग सगळ्या वस्तीतल्या लेकरांना लागला. कोंबडं पळवलं, अर्ज. गोट्यांत रडी खाल्ली, अर्ज. ग्यानोबा कामावरून आला की दारात पाट्या घेऊन पाच-सात अर्जदार उभेच. तो दमलेला असला तरी एकेकाला पोच देई. बारा वर्षांच्या विशाखानं सहा पोरी गोळा करून एसटीच्या डेपोला पत्र टाकलं, की बस आमच्या फाट्यावर थांबत नाही आणि आमची शाळा बुडते. महिन्याभरात बस थांबायला लागली. त्या दिवशी ग्यानोबा फाट्यावर जाऊन उभा राहिला, उतरायला नाही आणि चढायला नाही, नुसती थांबलेली बस बघायला.

अशी दहा वर्षं गेली आणि ब्याऐंशीचा उन्हाळा आला.

आदल्या साली पावसानं पाठ फिरवली होती. वस्तीच्या विहिरीचा तळ दिसला. सरकारनं वस्तीसाठी बोअर मंजूर केली, यंत्राची गाडी आली, पोरं नाचत गाडीमागं धावली, आणि गाडी वस्तीकडं वळलीच नाही. सरपंच अमृतराव यांच्या गोठ्याच्या दाराशी बोअर पडली, पाणी लागलं, हापसाही तिथंच बसला. तलाठी अनंतराव यांनी अहवालात लिहिलं, की बोअर वस्तीलगत असून वस्तीस पाण्याची सोय झाली आहे. सोय अशी, की सरपंचांची जनावरं पिऊन होईस्तोवर वस्तीतल्या बायकांनी घागरी घेऊन उन्हात उभं राहायचं. जागा मोजताना फितीचं एक टोक अनंतरावांच्या हातात होतं. दुसरं ग्यानोबाच्या.

विशाखा तेव्हा नववीत होती. तिनं फुलस्केप कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहिला. एकतीस सह्या आणि अंगठे घेतले. सोमवारी सकाळी बाप निघाला तसा तिनं तो त्याच्या हातात ठेवला.

"बा, टपालात एवढा कागद घ्या. आन पोच आणा."

ग्यानोबानं फाट्यावर उभ्या उभ्या अर्ज वाचला. अक्षर मोत्यासारखं. तिसऱ्या परिच्छेदात होतं, "तलाठी यांनी खोटा अहवाल दिला आहे, तरी चौकशी व्हावी." ग्यानोबानं अर्ज घाईघाईनं सदऱ्याच्या आत सारला.

कारण अनंतराव म्हणजे काही राक्षस नव्हता. तीन वर्षांमागं कोंडाबाई बाळंतपणात अडली, मूल गेलं आणि ती पण चालली होती, तेव्हा भर दुपारी सरपंचांची जीप मागून अनंतरावांनीच तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं. रक्त लागलं, तर बाही वर सारून खाटेवर आडवे झाले ते हेच भाऊसाहेब. घरात कोंडाबाई चालत-बोलत होती ती त्या रक्तावर. शिवाय ग्यानोबाची कोतवालकी त्यांच्याच शेऱ्यावर टिकून. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे ग्यानोबाला कुणी शिकवायला नको होतं. आणि लिहून माग, खरं लिही, भिऊ नको, हे पोरीला त्यानंच शिकवलेलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि पाणी दोन्हीकडे नाही.

कचेरीत तो आवकच्या खिडकीपुढं उभा राहिला. नंबर आला. बाकीचं टपाल त्यानं दिलं. अर्ज सदऱ्याच्या आत राहिला. आपण तो देत नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं, हे तो पुढं शपथेवर सांगे. फक्त हात आत गेला नाही.

परत येऊन चावडीत कुणी नाही असं बघून त्यानं तलाठ्याचा शिक्का विशाखाच्या प्रतीवर मारला. थोडा वाकडाच बसला. मग लक्षात आलं, की पोर आधी नंबर बघणार. काहीतरी आकडा टाकायचा होता आणि काही केल्या एकही आकडा सुचेना. शेवटी हाताला सवयीचा होता तो त्यानं लिहून टाकला, ४७.

विशाखानं कागद उजेडात धरला. "शिक्का तर आपल्या चावडीचा हाय, बा."

"मार्फत गेलाय," ग्यानोबा म्हणाला. "सरकारी कागद मार्फतच जातंया."

तिनं मान हलवली. जग फसवील पण पोच फसवत नाही, असं तिला बापानंच सांगितलेलं होतं. तिनं तो कागद वहीत जपून ठेवला.

खरा अर्ज ग्यानोबाला फाडवेना. अर्ज फाडायचं पाप त्याच्यानं कसं होणार? भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्या मागं त्यानं तो घडी करून खोचला. त्या दिवसापासून सकाळी हात जोडताना तो नजर खालीच ठेवू लागला.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. वस्तीतली पोरं रोज विशाखाला विचारायची, आणि ती ठासून सांगायची, "उत्तर येणार. आपल्यापाशी नंबर हाय." ते ऐकून ग्यानोबाला घास गिळवेना. पोरीनं आता नाद सोडावा असं त्याला वाटे. आणि ती खरंच नाद सोडील, सरकारवरचा, कागदावरचा, जगावरचाच तिचा भरवसा उडेल, या विचारानं त्याच्या काळजाचं पाणी होई. तिची आशा टिकावी की तुटावी हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. असा गोंधळलेला बाप कुणी पाहिला नसेल. कोंडाबाईला वाटलं कावीळ झाली, तिनं दोन दिवस मुळा खायला घातला.

ऑगस्टात नवा जिल्हा झाला. ग्यानोबानं गावभर दवंडी दिली, की आजपासून आपला जिल्हा लातूर. पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला घेरलं. "मग आपण उठून लातूरला जायचं का?" "न्हाई जी, जागच्या जागीच जिल्हा बदलला." "पाऊस कोन्या जिल्ह्यातला पडंल?" "ते दवंडीत न्हाई." मलप्पा तेली म्हणाला, "कोर्टात माझी तारीख जुन्या जिल्ह्यात हाय, मग म्या आता सुटलो का?" कुणाला काही कळत नव्हतं आणि ग्यानोबाला तर त्याहून नाही, पण बिल्ला त्याच्या छातीवर असल्यामुळं उत्तरं त्यालाच द्यावी लागत होती.

चावडीत अनंतराव सहज बोलले, "जुने कागद आता गठ्ठे बांधून ठेवतील. कोण उघडून बघतो पुन्हा!" ग्यानोबाच्या जिवात जीव आला. सुटलो, असं वाटलं. आणि आपल्याला सुटलो असं वाटलं याची दुसऱ्या क्षणी लाज वाटली.

घरी विशाखा दप्तर भरून बसली होती. "बा, जुनं रजिस्टर बांधून टाकायच्या आत चौकशी केली पायजे. सोमवारी म्या बी येते."

नको म्हणायला कारण लागतं, आणि घरात कारणाशिवाय नकार द्यायचा नाही हा कायदा त्याचाच. गेले दोघं.

आवकच्या खिडकीत प्रमोदिनीबाई म्हणून कारकून होत्या. बाई स्वभावानं चांगल्या. त्यांनी जुनी नोंदवही काढली, वर्षाच्या सुरुवातीपासून बोट फिरवलं. सत्तेचाळीस नंबरला दुसऱ्याच गावाच्या बांधाची तक्रार होती. त्यांनी एप्रिल चाळला, मे चाळला. "बाळ, तुझा अर्ज इथं आलेलाच नाही. हा शिक्का तर तलाठ्याचा. हा नंबर कुणी दिला तुला?"

विशाखा उत्तर द्यायला वळली. बाप शेजारीच उभा होता. चिंचेनं घासलेला बिल्ला उन्हात चमकत होता.

तिनं आकडा वाचला. पुन्हा हातातला कागद वाचला. ग्यानोबाला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. पण पोर खिडकीकडं वळून शांतपणे म्हणाली, "मपलीच काहीतरी चूक झाली, बाई." आणि कागद घडी करून बाहेर पडली.

बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर ग्यानोबाला सोसलं असतं. फाट्यावर उतरल्यावर तिनं एवढंच विचारलं, "सत्तेचाळीसच कामून टाकला, बा?"

"दुसरा आकडाच सुचंना, बाई."

तिला हसू फुटलं. हसता हसता ती रस्त्याच्या कडेला बसली आणि ढसाढसा रडायला लागली. ग्यानोबा शेजारी उभा, आणि तिच्या पाठीवर हात ठेवायचा हक्क आपल्याला राहिला का, हेच त्याला उमजेना.

पुढच्या रविवारी दुपारी तिनं नवा अर्ज लिहिला आणि मायबापांपुढं मोठ्यानं वाचला. पाणी, बोअर, खोटा अहवाल, सगळं तसंच. चौथा परिच्छेद नवा होता. "याबाबत एप्रिलमध्ये दिलेला अर्ज गावचे कोतवाल ग्यानोबा यांनी कचेरीत पोचवला नाही व खोटी पोच दिली. सदर कोतवाल माझे वडील आहेत. तरी त्याचीही चौकशी व्हावी."

कोंडाबाई ताडकन उठली. "अगं, आपलेच दात आन आपलेच ओठ! बापाच्या पोटावर पाय देऊन राहिलीस? ज्या भाऊसाहेबाचं रगत मपल्या अंगात हाय, त्याच्यावर बी कागद?"

"माय, त्यांचं रगत म्या इसरले न्हाई," विशाखा म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "पर घागरी रोज भराव्या लागतात. आन हे न्हाई लिवलं तर साहेब म्हनंल, चार महिने झोपला व्हता का? अर्जात खरं तेवढंच लिवावं, असं बानंच शिकवलंय."

दोघी ग्यानोबाकडं बघायला लागल्या. तो बिल्ला घासत होता, घासतच राहिला. पेराल तसं उगवतं म्हणतात. पण उगवलेलं बघून अंगावर मूठभर मांस चढावं की अंगाला काटा यावा, हे कुठल्याच म्हणीत सांगितलेलं नाही.

सोमवारी त्यानं तसबिरीमागचा जुना अर्ज काढला, नव्याला टाचणीनं जोडला आणि आधी चावडीत गेला. "भाऊसाहेब, तुमच्याविरुद्ध कागद घेऊन जाऊन राहिलो. मपल्याविरुद्ध बी त्यातच हाय."

अनंतरावांनी पुढ्यातलं दप्तर मिटलं. मग म्हणाले, "बस निघून जाईल. जा." तो राग होता, तोडून टाकणं होतं की मोकळीक होती, ते ग्यानोबाला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढंही नाही.

प्रमोदिनीबाईंनी कागद वाचला आणि चष्मा वर केला. "यात काय लिहिलंय, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हाव. लेकीनं लिवलंय. पोच द्या."

नव्या नोंदवहीचा नंबर पडला बारा. शिक्का सरळ बसला आणि त्यात नव्या जिल्ह्याचं नाव होतं. घरी विशाखानं कागद घेतला, नंबर बघितला, आणि सवयीनं विचारलं, "उत्तर कधी येईल, बा?" आठ दिवसांत, हे त्याच्या ओठावर आलेलं त्यानं गिळलं. "ठाव न्हाई," तो म्हणाला. "ते म्या आतापोतर उगंच छातीठोक सांगत व्हतो."

"मंग दर सोमवारी चौकशी करू," ती म्हणाली.

हापसा वस्तीत आला, पण त्याला आणखी दोन उन्हाळे लागले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे उगाच म्हणत नाहीत. त्याआधी, पंचविसाव्या दिवशी, अर्जाचं पहिलं उत्तर आलं. ते ग्यानोबाच्या नावावर होतं. अर्ज वेळेत का पोचवला नाही याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.

ग्यानोबा तो कागद उलटासुलटा करून बघत बसला. सरकारनं उत्तर दिलं याचा आनंद करावा की आता चूल बंद पडणार म्हणून रडावं! कोंडाबाईनं नोटीस फळीवर ठेवली आणि भाकरी थापायला बसली, त्या दिवशी दोन भाकरी करपल्या. तीन दिवस ग्यानोबा मनात कारणं जुळवत होता. बस चुकली. ताप होता. कागद पावसात भिजला. पाऊस कुठला तिथं! चौथ्या दिवशी त्यानं विशाखाला वही आणायला सांगितली. मग पेन उचललं आणि परत तिच्याकडंच सरकवलं.

"तुमी सांगा, म्या लिवते," ती म्हणाली. तिनं वर माननीय वगैरे घातलं, विषय लिहिला आणि पेन धरून थांबली. "का पोचवला न्हाई?"

ग्यानोबानं भिंतीवरच्या तसबिरीकडं बघितलं. आज पाच महिन्यांनी त्यानं नजर वर केली होती.

"लिही," तो म्हणाला. "भ्यालो."

विशाखानं लिहिलं, "मी भ्यालो." पुढं पूर्णविराम दिला. कागदावर एक थेंब पडला, तो तिनं ओढणीनं टिपला. "आणखी काही?"

"लेक भ्याली न्हाई, ते बी लिही."

"ते खुलाशात बसत न्हाई, बा."

"बसव," ग्यानोबा म्हणाला. "आन दोन प्रती कर. पोच घ्यायची हाय."